झऱ्यावरची पहिली पळी

टाळकरी दादा, जरा हात आवरा. मंडळी, ऐका. माझ्या मैत्रिणींनी पैज लावली आहे — त्या बघा, नववी ब, खांबाआड तोंड लपवून हसताहेत — की हा प्रश्न मी भर कीर्तनात विचारणार नाही. विचारते! दर्शनाच्या रांगेत मध्येच घुसून जो पुढं जातो, त्याला देव ओळख दाखवतो का?

हं. राहू दे, उत्तर नका देऊ. आख्यान ऐका.

एक गाव होतं — आपलं नव्हे, घाबरू नका. मागं डोंगर, डोंगराच्या खांद्यावर झरा. वाट इतकी सोपी की म्हशी चरत चरत पोचतात आणि येताना रवंथही उरकतात. देवाच्या उत्सवाला दरवर्षी एकेका आळीनं चालत जाऊन त्या झऱ्याचं पाणी आणायचं. पहिला घोट ज्याचा, कलश त्याच्या हाती, मिरवणुकीत वाजंत्र्यांच्याही पुढं तोच — एवढंच सगळ्यांना माहीत; झऱ्यावरचे गुरव तो घोट कुणाला आणि का देतात, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

त्या वर्षी पाळी आली मधल्या आळीची. तिथं राहायची बकुळा. वय पंधरा, पाय हरणाचे. शाळेच्या शर्यतीत दुसरं कोण आलं, हे तिनं कधी वळून बघितलंच नाही. तिच्या वडिलांनी, दिनकररावांनी, लेकीसाठी गुलाबी फेटा आधीच आणून ठेवलेला. "कलश आपल्याच घरी," हे दारोदार सांगूनही झालेलं. आता कलश हुकला तर बापलेकींनी तोंड कुठं दाखवायचं?

सकाळी निघाले सगळे. दिनकररावांकडे काय? शिट्टी. बकुळाकडे काय? काही नाही. मग आळीच्या भाकऱ्या, पिठलं, सतरंजी आणि पाण्याच्या बाटल्या — हो, झऱ्याला निघालेत, तरी बाटल्या — हे कुणाकडे? बकुळाच्या आईकडे, मथुराबाईंकडे. एक पिशवी पाठीला, दोन हातांत.

बकुळा सुसाट सुटली, झऱ्यावर पोचली. कातळातून पाणी येतंय, शेजारी धर्माजी गुरव पळी घेऊन बसलेले. हिनं ओंजळ पुढं केली.

"थांब पोरी. मागं कोण आहे?"

"सगळेच मागं आहेत, बाबा. मीच पहिली."

"मग बस निवांत. सगळ्यांत शेवटी जो येईल, त्याला पहिली पळी. इथली रीतच आहे ती."

आता? बकुळा बसणारी आहे का? तिनं हिशेब केला — शेवटची पाहिजे ना, मग शेवटची होते. आणि निघाली की उताराला. वाटेत वडील.

"अगं, झरा तिकडं आहे!"

हिनं त्यांच्या कानात सांगितलं. मंडळी, आळीत कानातली गोष्ट कानात राहिली आहे का कधी?

मग काय वर्णावा तो सोहळा. एरवी नळावर घागरीला घागर आपटणारी माणसं — "या ना काका, तुम्ही व्हा पुढं." "छे छे वहिनी, मान तुमचा." कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला. कुणाला पक्षी बघायचे होते — जन्मात कावळा आणि कोंबडी सोडून तिसरा पक्षी ओळखला नाही, पण बघायचे होते. ऊन डोक्यावर आलं, झऱ्यावर गुरव एकटेच.

बकुळानं सगळ्यांवर कडी केली. पार खाली जाऊन करवंदीच्या जाळीआड दडली. तिच्या मागं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते धापा टाकत येत होतं — आई. ती तेवढी पुढं गेली की झालं, कलश आपलाच.

मथुराबाई नेमक्या जाळीपाशीच थांबल्या. पिशव्या टेकवल्या, तळहातांवर उठलेले वळ चोळले आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "पोर वर पोचली असेल. तहानली असेल गं, बाटल्या माझ्यापाशीच राहिल्या." पिशव्या उचलल्या आणि पाय भराभर टाकायला लागल्या.

जाळीआड बकुळा ताडकन उठली.

ती बाहेर आली. "दे इकडं," म्हणाली आणि तिन्ही पिशव्या ओढून घेतल्या.

"अगं, एवढं ओझं —"

"तू हात हलवत ये. सावकाश ये. आज घाई करायची नाही." आणि वर तोंड करून ओरडली, "भाकऱ्या वर निघाल्या!"

उपाशी आळी ती. झुडपाझुडपांतून माणसं उगवली आणि पिशव्यांमागं धावली. चप्पल तुटलेले सगळ्यांत पुढं!

शेवटी आल्या मथुराबाई. एकट्या, करवंदं खात. धर्माजींनी पहिली पळी त्यांच्या ओंजळीत ओतली. "अगं बाई, गोड आहे," म्हणाल्या. गुलाबी फेटा लेकीच्या मापाचा, आईच्या अंबाड्यावर तिरका बसला, पण बसला. दिनकरराव म्हणतात कसे, "तरी मी सांगत होतो, कलश आपल्याच घरी." उतरताना पिशव्या त्यांच्या हातांत, शिट्टी तोंडात. काढायला हात मोकळा नाही, त्यामुळं श्वास सोडला की शिट्टी वाजायची.

ज्याला झरा कळला, त्याला कळला. आता आपलं बघू. आरतीनंतर महाप्रसाद आहे, आणि पहिल्या पंगतीत पाटांवर टॉवेल टाकून जागा धरलेल्या मला इथून दिसताहेत. सकाळपासून चुलीपुढं पोळ्या लाटणाऱ्या बायका कितव्या पंगतीला बसणार? सांगा. आता कसे सगळे खाली बघताय?

आई, मुदपाकखान्याच्या दारातून ऐकते आहेस, दिसलीस मला. बाबा, तुमचाही टॉवेल दिसला. मी ठरवलंय — आज पहिल्या पंगतीत आई बसणार, आणि वाढणार तुम्ही नि मी. टॉवेल उचला, बाबा. आमटीची बादली गरम असते, धरायला लागेल.