कोंपाद्रेच्या बेकरीवर बोजा

विसेलिया बांधकाम कारागीर संघाचे अध्यक्ष आणि आजच्या समारंभाचे यजमान डॉन एलिसेओ साल्दान्या, व्यासपीठावर बसलेले आमचे फादर अन्सेल्मो, पहिल्या रांगेत मुद्दाम माझ्या डोळ्यांसमोर येऊन बसलेले माझे कोंपाद्रे डॉन फाउस्तिनो, जमलेले गवंडी, सुतार, रंगारी, प्लंबर आणि त्यांना वेळेवर जेवू घालणाऱ्या बायका, आणि आज जिच्यासाठी तुम्ही सगळे नखांतलं सिमेंट काढून आला आहात ती आपली ओफेलिया त्रेविन्यो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

डॉन एलिसेओ मला म्हणाले, डोन्या क्रिसांता, पाचच मिनिटं बोला, हवं तर लिहून आणा. आता मी काय लिहून आणणार? जन्मात मी एकच खूण काढायला शिकले, ती म्हणजे फुली. तेव्हा आज त्या फुलीबद्दलच बोलते. पाच मिनिटं होतात का नाही, ते घड्याळवाल्यांनी बघावं.

ओफेलिया अठ्ठावीस वर्षं संघाच्या कचेरीत बसली. काम काय? कागद भरायचे. तुम्हाला वाटेल, त्यात सत्कार करण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं. आमचा धंदा फरशी बसवण्याचा. नवरा गेल्यावर धंदा माझ्या नावावर आला, आणि गुडघे टेकून काम करणं माझ्या मुलाच्या, इलारियोच्या वाट्याला आलं. वाटणी बरी झाली असं मी म्हणते. तो म्हणत नाही.

तर सहा वर्षांपूर्वी कोंपाद्रेंनी नवी बेकरी बांधायला काढली. कोंपाद्रे म्हणजे माझ्या नातवाच्या बाप्तिस्म्यात त्याला हातावर घेतलेला माणूस. भावापेक्षा जवळचा, आणि भावापेक्षा लवकर रुसणारा. त्यांच्या तोंडी मी कोमाद्रे. त्यांनी एक मुख्य ठेकेदार नेमला. आडदांड, सोनेरी मिशांचा गृहस्थ. नाव घेत नाही, फादर बसले आहेत. त्यानं फरशीचं काम इलारियोला दिलं. म्हणजे पैसे कोंपाद्रे देणार ठेकेदाराला, आणि ठेकेदार देणार आम्हा पोटठेकेदारांना. वाटेत किती हात आहेत, पाहिलंत?

काम सुरू झालं त्याच दिवशी ओफेलियानं एक नोटीस भरून माझ्यापुढे ठेवली. जागेच्या मालकाला कळवायचं, की तुमच्या इमारतीत आम्ही काम करतो आहोत, आमचे पैसे बुडाले तर आम्ही इमारतीवर बोजा चढवू शकतो. वीस दिवसांच्या आत रजिस्टर पोस्टानं धाडायची. मी म्हटलं, अगं बाई, लग्नाच्या वरातीत नवरदेवाला घटस्फोटाचा कागद द्यायचा? ज्या माणसाच्या घरी मी नाताळचे तमाले खाते, त्याला नोटीस?

ती शांतपणे म्हणाली, "डोन्या क्रिसांता, हा भांडणाचा कागद नाही. ठेकेदार आपलं नाव कदाचित सांगतही नसेल. ही नोटीस गेली, की कोंपाद्रेंना कळेल त्यांच्या घरात कोण कोण राबतंय, आणि पैसे देताना ते विचारतील."

मी मान डोलावली, फुली काढली, कागद घरी आणला आणि ग्वादालूपेच्या मातेच्या तसबिरीमागे ठेवून दिला. इलारियोला सांगितलं, टाकला पोस्टात. आमच्यात महत्त्वाचे कागद तसबिरीमागेच ठेवतात. म्हटलं, आता माताच बघून घेईल. तिनं बघितलं, पण पोस्टात टाकायला ती काही खाली उतरली नाही.

आधी कोठीची खोली झाली, मग न्हाणीघरं, मग पुढचं मोठं दुकान. ठेकेदार म्हणे, पुढच्या शुक्रवारी. शुक्रवार आले नि गेले, आणि एके दिवशी त्यानं फोन उचलणंच सोडलं. फरशा उधारीवर आणलेल्या, हाताखालच्या दोघा माणसांना इलारियोनं घरातून पैसे दिलेले. आता त्याची गाडी विकायची वेळ आली होती. कामावर एकेचाळिसावा दिवस. ओफेलियानं विचारलं, पोस्टाची पावती कुठंय? मी तसबिरीकडे बोट दाखवलं. तसबीर माझ्या घरी, आम्ही तिच्या कचेरीत. तरी तिला सगळं समजलं.

मला वाटलं, आता ही ओरडणार. तिनं कॅलेंडर ओढलं आणि पेन्सिलीनं उलटे दिवस मोजले. म्हणाली, नोटीस उशिरा गेली तरी मागच्या वीस दिवसांचं काम धरता येतं, आणि पुढचं सगळं. म्हणजे मोठं दुकान आणि भट्टीची भिंत वाचली.

"आणि कोठीची खोली? न्हाणीघरं?" मी विचारलं.

"ती गेली तुमच्या भिडेत," ती म्हणाली. "त्याचे पैसे ठेकेदाराकडे मागा जन्मभर, पण इमारतीवर बोजा नाही चढणार."

त्याच दुपारी नोटीस गेली. पंधरवड्यानं काम संपलं. बोजा नोंदवायला एरवी काम संपल्यापासून नव्वद दिवस मिळतात. पण कोंपाद्रेंना उद्घाटनाची घाई. त्यांनी काउंटीच्या कचेरीत काम पुरं झाल्याची नोंद केली, आणि आमच्या नव्वदाचे तीस झाले. हे कोणाला कळलं असतं? ओफेलिया दर सोमवारी तिथल्या नोंदी वाचायची, लोक मृत्यूच्या बातम्या वाचतात तशी. तिनं मला नेलं. दोन साक्षीदार उभे केले, आणि मी फुली काढली. माझ्या कोंपाद्रेच्या बेकरीवर. फुलीला चारच्या ऐवजी पाच टोकं आली.

दुसऱ्याच आठवड्यात कोंपाद्रे माझ्या दारात. हातात कागद आणि, सवय बघा, काखेत पावाची पिशवी.

"कोमाद्रे, मी ठेकेदाराला पैसे दिले. चोरी त्यानं केली आणि बोजा माझ्यावर?"

खरंच होतं ते. कायद्यानं बोजा इमारतीवरच चढतो, मालक कितीही भला असो, कारण फरशी इमारतीत असते, ठेकेदाराच्या खिशात नसते. मी त्यांना सरळ ओफेलियाकडे घेऊन गेले. तिनं एकच विचारलं, "सगळे पैसे दिलेत का?"

ते म्हणाले, शेवटचा हप्ता राहिलाय. ती नोटीस आली तेव्हा राग आला, म्हणून हात आखडला.

ओफेलिया हसली. ती नोटीस उशिरा का होईना पोचली नसती, तर तो हप्ताही मिशांत गेला असता. ती म्हणाली, चेक दोघांच्या नावानं काढा, ठेकेदार आणि डोन्या क्रिसांता. दोघांनी सही केल्याशिवाय बँक देणार नाही.

मंडळी, बँकेतली ती रांग तुम्ही पाहायला हवी होती. अडलेल्या हप्त्यापायी हजर झालेला साडेसहा फुटांचा ठेकेदार आणि त्याच्या कोपराशी मी. त्यानं सही केली, मी फुली. बोजा उतरवायचा कागद मी चेक हातात पडताच आनंदानं फुली मारून देणार होते. ओफेलियानं कागदावर पंजा ठेवला. म्हणाली, चेक वटू दे. नोंदवल्यापासून बोजा नव्वद दिवस जिवंत असतो, तोवर कोर्टात जाता येतं. चार दिवस धीर धरा. धरला. वटला. उतरवला. इलारियोची गाडी बाहेर उभी आहे, कोणाची तरी वाट अडवून.

कोठीच्या खोलीचे पैसे ठेकेदारानं कधीच दिले नाहीत. त्यापायी कोंपाद्रे दर रविवारी मला पाव पाठवतात. ते म्हणतात, केव्हाच फिटलं. मी म्हणते, अजून न्हाणीघरं बाकी आहेत. आणि गेल्या वर्षी त्यांनी दुसरं दुकान काढलं, तेव्हा कामाच्या तिसऱ्या दिवशी फोन आला, "कोमाद्रे, नोटीस अजून आली नाही. माझ्यावर रागावलात की काय?"

ओफेलिया, तू आता मुलीकडे राहायला जाणार. तिनं तुझ्यासाठी मागे खोली बांधायला घेतली आहे, ठेकेदार तुझ्या पसंतीचा, आणि फरशीला सोमवारपासून इलारियो येतो आहे. सत्कारात शाल द्यावी, घड्याळ द्यावं. ते बाकीचे देतील. मी हे पाकीट आणलं आहे. नोटीस आहे. पहिल्या दिवसाच्याही आधीची, मायलेकी दोघींच्या नावानं. डॉन एलिसेओ आणि फादर साक्षीदार आहेत, फुलीला या वेळी चारच टोकं आहेत. पोस्टाची पावतीही आत ठेवली आहे. एक प्रत तुमच्या घरी पोचेलच, ही तुझ्या हातात द्यावीशी वाटली.

संघानं मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, कोंपाद्रेंनी मध्ये उठून उत्तर दिलं नाही, याबद्दल सगळ्यांचे आभार. बोलताना कोणाच्या मिशांना धक्का लागला असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून द्या. आता मला खाली उतरवा, पाव गरम आहेत.