नळाचा अर्धा वाटा

हॅलो? … हॅलो! … हो, नगरपालिकाच. पाणीपुरवठा खातं. कोण बोलतंय? … जरा मोठ्यानं बोला, इथं खिडकीखाली होड्यांची पिंपं भरतायत, काही ऐकू येत नाही…

अगं अक्का, तू होय! … मीच, अनंता. दुसरं कोण असणार या खात्यात? … कुठून बोलतेस? … दवाखान्यातून? कोण आजारी पडलं? … कोणी नाही, नुसता डॉक्टरांचा फोन वापरतेस. बरं. … काय म्हणालीस? पिशवीत काय आहे? …

पाटल्या? … अक्का, तिथंच थांब. सराफाच्या दुकानाची पायरी चढू नकोस. … अगं ऐक ना… ऐक… आधी माझं ऐक! वसुली रद्द झाली. … रद्द! सोळाशे छप्पन्न रुपयांतला एक पैसा मला भरायचा नाही. काल हुकूम झाला. कागद माझ्या हातात आहे. गोल शिक्का आहे, खाली सही आहे. सही वाचता येत नाही, म्हणजे खरीच आहे.

… नाही, तुझी समजूत घालत नाहीये. … नाही गं, घर गहाण टाकलेलं नाही. … हिच्या गळ्यातलं मंगळसूत्र हिच्याच गळ्यात आहे, आत्ता येऊन बघ हवं तर. … देवाशप्पथ. … आईशप्पथ पण. घाल बघू त्या पाटल्या हातात. … घातल्यास? दोन्ही? … हां.

आणि तुळशीला आजच्या आज निरोप दे. तिला म्हणावं, ट्रेनिंग कॉलेजातून नाव काढू नकोस, बाप फी भरतोय. … नाव काढायचा अर्ज लिहून ठेवलाय? दिला नाही ना? … मग फाडायला सांग. नको, फाडायला नको, पाठकोरा असेल तर वापरायला सांग.

… कसं काय म्हणजे? मोठी गोष्ट आहे. … बरं, पहिल्यापासून सांगतो. तीन मिनिटं झाली की ती एक्स्चेंजमधली बाई मध्ये येईल, तिला 'अजून तीन' म्हण. पैसे मी पाठवतो. … अगं, आता आहेत!

तर पत्रात लिहिलं होतं तुला… हो, तेच. टाकीतून पाणी जातं एक आणि बिलं होतात दुसरीच. पंचावन्न साली नळयोजना झाली, तेव्हापासूनचं सगळं ऑडिटरनं काढलं. सोळा लाख छप्पन्न हजार गॅलन पाण्याचा पत्ता नाही. हजार गॅलनला रुपया, म्हणजे सोळाशे छप्पन्न. … गळती कसली! पाणी कुठं गेलं ते मला माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. बंदरावरच्या नळावरून होड्यांत गेलं. तेवीस होड्या, दर फेरीला दोन-दोन पिंपं.

… धर्मा घेत नाही ना पैसे! … धर्मा गं, आमचा नळ सोडणारा. बाकी सगळ्यांकडून घेतो. होडीवाल्यांकडून नाही. मी एकदा विचारलं त्याला. म्हणाला, "साहेब, घरातल्या पाण्याचं पैसं घेतो मी. दर्यात नेतात त्याचं कसं घेऊ? तिकडं तहान लागली तर कुनाच्या दारात जातील?" … मी? मी नळ चालू राहू दिला. सहा वर्षं गप्प बसलो, तोच माझा गुन्हा. ऑडिटरनं लिहिलं, 'मंजुरीविना पाणी फुकट दिले, सबब रक्कम जबाबदार कर्मचाऱ्याकडून वसूल व्हावी.' मग जबाबदार कर्मचारी शोधायला लागले. अध्यक्षांना माणगावला तातडीचं काम निघालं. उपाध्यक्षांची कंबर धरली. उरलो मी. महिना एकशे दहा रुपये पगार, म्हणजे सव्वा वर्षाचा पगार गेला.

… तेच सांगतोय. काल सुनावणी होती. जिल्ह्याचे साहेब स्वतः आले होते. मधे साहेब, डाव्या हाताला ऑडिटर, उजव्या हाताला अध्यक्ष. … हो, आले की माणगावहून. दुसऱ्याची सुनावणी म्हटल्यावर आले. मी चार पानी निवेदन लिहून नेलं होतं. साहेब म्हणाले, वाचा. 'महाशय' एवढं वाचलं आणि पुढचं अक्षर दिसेना. … चष्मा होता गं. डोळ्यांत पाणी होतं.

आणि तेवढ्यात दारात आरडाओरडा. आमचा शिवदास शिपाई कोणालातरी अडवत होता. "चिठ्ठी आहे का? चिठ्ठीशिवाय आत सोडत नाही." बाईचा आवाज आला, "चिट्टी न्हाय, पगार हाय." "कोणाचा पगार?" "तुमच्या खलाशाचा. हो बाजूला!" आणि भागुबाई आत आली.

… बुधाजी तांडेलाची आई. विसरलीस? सगळ्या कोळीवाड्याचे हिशेब तिच्या डोक्यात असतात ती. … हां, तीच, तुला लहानपणी टोपलीतल्या निवटी माशाला हात लावलास म्हणून ओरडली होती ती. आली ती सरळ फरशीवर बसली. काखेतली पत्र्याची पेटी उघडली आणि एकेक करून तेवीस पुरचुंड्या साहेबांपुढं मांडल्या. साहेब म्हणाले, "बाई, हे काय?" ती म्हणाली, "नळाचा वाटा."

… हो, नळाचा. … अगं हसू नकोस, पुढं ऐक. होडीच्या कमाईचे वाटे कसे पडतात ते तू पाहिलंयस. होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, दर खलाशाचा एक. होडीसाठी जो राबला त्याला वाट्याशिवाय ठेवायचं नाही. पूर्वी विहिरीवरून हंडे आणून पिंपं भरायला बायका असत, त्यांना वाटा असे. मग नळ आला. पिंपं नळ भरायला लागला. तेव्हा वाटा नळाला. पंचांनी बसून ठरवलं. एक म्हणाला पुरा द्या. दुसरा म्हणाला, पुरा कसा, तो नवशिका आहे, आणि दर्यात येत नाही, किनाऱ्यावर उभा राहतो. म्हणून अर्धा. तोही हंगामातल्या पहिल्या फेरीचा फक्त.

… सहा वर्षं, अक्का! सहा वर्षं आम्ही त्यांना फुकट पाणी देत होतो आणि सहा वर्षं ते त्या पाण्याचे पैसे बाजूला काढत होते. एकमेकांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

… मीही तेच विचारलं. सगळ्यांच्या देखत विचारलं. भागुबाई, इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणते कशी, "खलाशी वाटा मागाया येत न्हाय. वाटा त्याच्या घरी पोचवायचा असतो. आता ह्या नळाचं घर कुठं, ते आमाला कुनी सांगितलंच न्हाय. म्हनून ठेवला जपून."

… हो ना गं. साहेबांनीसुद्धा लेखणी खाली ठेवली.

हॅलो? … हो बाई, अजून तीन. … नाही, अजून संपलं नाही. … अहो, तुम्ही ऐकताय होय? … ऑडिटर काय म्हणाला ते सांगतो की, अक्कालाही तेच सांगतोय. लाइन तेवढी सोडा.

हां, अक्का. ऑडिटरनं पैसे मोजले. तास गेला. पहिल्या दोन वर्षांचे आणे होते ना. दोन आण्यांचे नवे पैसे बारा धरायचे की साडेबारा, यावर तो आणि अध्यक्ष वीस मिनिटं बोलले. भागुबाईनं तेवढ्यात एक डुलकी काढली. शेवटी बेरीज आली अठराशे त्र्याण्णव. मी म्हटलं सुटलो! आणि ऑडिटर उभा राहिला. म्हणाला, "आता आक्षेप गंभीर झाला."

… अगं, फुकट दिलं असतं तर नुसतं नुकसान. आता मंजूर दर नसताना पैसे घेतले असं झालं. वर दोनशे सदतीस रुपये जास्त! कमी घेणं हा त्यांच्यात हलगर्जीपणा, जास्त घेणं हा अपराध. मला तर एका खुर्चीत बसून दोन शिक्षा दिसायला लागल्या. … अक्का, रडू नकोस! हे काल झालं, सांगून संपत आलंय!

साहेब भागुबाईला म्हणाले, "बाई, जास्तीचे तेवढे परत घ्या." ती म्हणाली, "दिलेला वाटा परत घेतला तर खलाशी दुसऱ्या होडीवर जातो." साहेब हसले. खरंच हसले. मग ऑडिटरला म्हणाले, दर नगरपालिकेनं ठरवावा आणि मंजुरी घ्यावी, एवढंच ना नियम सांगतो? दर रुपयांतच हवा असं कुठं आहे? ऑडिटरनं नियमांचं पुस्तक काढलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. मग परिशिष्टं चाळली. … नाही सापडलं.

झालं! साहेबांनी तिथंच हुकूम सांगितला. पेटीतली रक्कम बंदराच्या नळाची पाणीपट्टी म्हणून जमा, माझ्यावरची वसुली रद्द. आणि इथून पुढं दर असा: 'प्रत्येक होडीमागे हंगामातील पहिल्या फेरीच्या उत्पन्नातून खलाशाचा अर्धा वाटा.' सोमवारच्या सभेत ठराव, साहेबांची मंजुरी. अध्यक्ष लगेच म्हणाले, ही कल्पना मूळची आपलीच. भागुबाईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. पेटी रिकामी करून घेतली आणि पावती मागितली. तेवीस होड्यांच्या तेवीस.

… ऑडिटर? वाईट माणूस नाही गं. उठताना माझ्याजवळ आला. म्हणाला, "तुमच्या पगाराला भागून किती महिने होतात ते मीच मांडलं होतं. पंधरा आले. दोनदा मांडून बघितलं, कमी होतात का म्हणून." मीही दोनदाच मांडलं होतं.

… घरी? घरी सांगितलं तेव्हा हिनं देवापुढं दिवा लावला आणि वाणसामानाची यादी माझ्या हातात दिली. आठ दिवसांची तुंबली होती.

… हो, तू पण जा आता घरी. डॉक्टरांना नमस्कार सांग. … एक मिनिट हं अक्का. काय रे धर्मा? … आत्ता? … सगळे? …

अक्का, धर्मा आलाय बोलवायला. उद्या होड्या सुटतायत, आज खलाशांचं जेवण आहे बंदरावर. पानं वाढून झाली. नवी मासळी अजून दर्यात आहे, म्हणून भात आणि सुकटीचं कालवण. … अगं, मी कशाला म्हणजे? एक पान नळाचंही मांडलंय! नळ काही उठून येणार नाही. तो कामावर आहे, पिंपं भरतोय. म्हणून भागुबाई म्हणते, त्याचं घर आता कळलंय, तर घरचं माणूस पाठवा. पंगतीतलं एकही पान रिकामं असलं तर कोणी पहिला घास घेत नाही.

… फुकट जेवलं तर आक्षेप येईल? … धर्मा, ऑडिटरसाहेब गेले का रे सकाळच्या लाँचनं? … काय सांगतोस! … अक्का, ओहोटी होती म्हणून लाँच धक्क्याला लागलीच नाही. ऑडिटरही पंगतीलाच बसलाय!

… हो, ठेव तू. … आधी तू ठेव. … हो, पाटल्या हातातच असू देत… हो, तुळशीला सांग… अगं अक्का, पावणेदोनशे माणसं हातात घास घेऊन थांबलीत, आणि एक ऑडिटर. ठेवतो!