धाब्यावरच्या दगडाबाबत भिकुबाई महाजन यांचा जबाब

दिनांक २३ मे

नाव भिकुबाई उखर्डू महाजन, वय ६८ वर्षे (आधार कार्डावर ७१ लिहिले आहे, ते चूक आहे), धंदा पापड-कुरडया करून विकणे, राहणार पिंजारी गल्ली, कसबे वेल्हाणी, जिल्हा धुळे.

मी आज रोजी स्वतः ठाण्यात हजर राहून, हवालदार सारिका यांनी विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती उखर्डू हे मुलगा लहान असतानाच वारले. मुलगा ज्ञानेश्वर हा धुळ्याला मोटारींच्या शोरूममध्ये मेकॅनिक असून सुनेसह तिकडेच राहतो. स्वभावाने चांगला आहे. फक्त कोणतीही गोष्ट पूर्ण ऐकून घेण्याची त्याला सवय नाही, ही सवय त्याला वडिलांकडून आली आहे.

माझ्या घराला लागून आबेदा अन्वर पिंजारी हिचे घर आहे. तिचे पती अन्वरभाऊ हे गाद्या-रजया भरण्याचे काम करीत. ते मागील वर्षी दिवाळीच्या सुमारास वारले. आता ते काम त्यांचा मुलगा नईम करतो. आमची दोन्ही घरे धाब्याची आहेत. म्हणजे विटांच्या भिंती, वर लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. अशा धाब्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी खारी माती पसरून चोपावी लागते, नाहीतर गळते. दोन्ही धाबी एकमेकांना लागून सपाट आहेत, मध्ये कठडा नाही. माझ्या कुरडया आणि आबेदाच्या मिरच्या वर एकत्रच वाळतात.

हद्दीबाबत विचारल्यावरून सांगते की, खाली हद्द भिंतीची आहे आणि ती सरळ नाही. माझे स्वयंपाकघर मागच्या बाजूने वळून आबेदाच्या माजघराच्या पाठीला लागते. खाली उभे राहिले की हे दिसते, वर गेले की सगळी माती एकसारखी. स्वयंपाकघराला वर झरोका नाही, धूर मागच्या खिडकीने जायचा, त्यामुळे वर त्याची काही खूण नाही. वर हद्द म्हणून एक दगड होता. तो फुटक्या जात्याचा अर्धा तुकडा आहे. माझे पती वारले त्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर अन्वरभाऊंनी जिन्यावरून मला हाक मारून त्याबद्दल सांगितले होते. तोवर धाब्याचे सगळे पतीच पाहायचे, आणि मी तेव्हा बाहेर निघत नव्हते, म्हणून दारातूनच ऐकले. ते म्हणाले होते, "अक्का, तुमनं धाबं या दगडलगून शे. पुढलं बठ्ठं आमनं."

तेव्हापासून मी मजूर लावून दगडापर्यंत माती टाकून घेत आले. दगडापलीकडे अन्वरभाऊ स्वतः टाकायचे. एका वर्षी त्यांची माती दगडाच्या अलीकडे सांडली, तर मी त्यांना आमच्या बाजूला पसारा करू नका म्हणून सुनावले. त्यांनी झाडू मागितला आणि झाडून घेतले. आणखी एका वर्षी माझ्या स्वयंपाकघरात गळू लागले, तर तुमच्याकडचे पाणी माझ्या घरात येते म्हणून मी गल्लीत उभी राहून बोलले. गल्लीने ऐकले. ते त्याच दिवशी टोपली घेऊन वर चढले आणि गळती बंद केली. बोलणारा माणूसच नव्हता तो.

परवानगीबाबत सांगते की, आबेदाच्या धाब्याच्या कड्यांना वाळवी लागली. खारी माती आणणारे गाडीवालेही आता राहिले नाहीत. म्हणून नईमने धाबे काढून स्लॅब टाकण्यासाठी नगरपालिकेत अर्ज केला. शेजारी म्हणून माझे ना हरकत पत्र लागत होते, ते मी दिले. त्यावरची सही माझीच आहे. कोणी धाक दाखवला नाही, फसवले नाही. उलट नईमने ते मला तीन वेळा वाचून दाखवले, तिसऱ्या वेळी मीच त्याला पुरे म्हटले.

त्यानंतर नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचे पंडित साहेब मोजणीला आले. आबेदा त्या दिवसांत जामनेरला होती. तिची मुलगी कहकशा तिथे दिली आहे, तिचे बाळंतपण होते. नईमच्या घरात खाली छतापर्यंत कापूस भरलेला, टेप फिरवायला जागा नाही. म्हणून साहेबांनी वरूनच मोजायचे ठरवले. मी वर कुरडया उलटत होते. साहेबांनी विचारले, बाई, तुमची हद्द कुठे आहे. मी म्हणाले, "हाऊ दगड. आलीकडे मन्हं, पलीकडे आबेदानं." साहेबांनी टेपाचे टोक माझ्याच हातात दिले. ते मी दगडावर धरले. नईम त्या वेळी टेपाच्या दुसऱ्या टोकाला होता. तेव्हा टेप कोणी धरला हा तुमचा प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर मी आहे. साहेबांची चूक नाही, नईमची तर नाहीच.

त्या मोजणीवर नकाशा झाला आणि परवानगी मिळाली. मागील सोमवारी मजुरांनी धाबे काढायला घेतले. नईमने चुन्याची रेघ मारून दिली होती, ती दगडापासूनच. मी घरात भाकरी थापत होते. वरून माती पडू लागली. आधी वाटले उंदीर असेल. मग एक फळी निघाली आणि परातीत ऊन पडले. त्या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या जागी भाकरी करते, परातीत कधी ऊन पाहिले नव्हते. वर पाहिले तर मजूर, आणि त्याच्यामागे आभाळ. तो मला म्हणाला, आजी, तुम्ही इकडे कशा काय. मी म्हणाले, मी माझ्या घरात आहे, तू कसा काय.

नईम धावत खाली आला. त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "मावशी, माले खरंच माहीत नव्हतं." मी म्हणाले, मलाही नव्हते. आबेदा आदल्या दिवशीच जामनेरहून आली होती. ती दाराशी येऊन उभी राहिली, वर पाहिले आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. मला वाटले तिला धुळीने दम लागला, म्हणून पाणी दिले. ती पाणी न पिता बोलली. आमच्यात झालेले बोलणे विचारल्यावरून जसेच्या तसे सांगते.

आबेदा म्हणाली, "त्यासनी तो दगड सरकाडा व्हता, अक्का. उखर्डूभाऊ गयात त्या सालले. म्हने, बाई एकली शे, लेकरू लहान शे, इतली माती कोठून आनी? आपली माती टाकनीच शे, तिन्हा चुलावर बी टाकी देऊत."

मी म्हणाले, "मंग माले कधी सांगं का नही?"

ती म्हणाली, "सांगं अस्तं ते तुम्ही टाकू देतात का?"

हे तिचे म्हणणे खरे आहे. मी टाकू दिली नसती.

तेव्हा मला समजले की, माझ्या स्वयंपाकघरावर इतकी वर्षे अन्वरभाऊ माती टाकत होते आणि ते त्यांचे स्वतःचे धाबे आहे असे मला सांगत होते. मी त्यांना झाडायला लावली ती माती माझ्याच धाब्यासाठी आणलेली होती. मागच्या पावसाळ्याआधी माती कोणी टाकली असे विचारल्यावरून सांगते की, दिवाळीपर्यंत ते होते, म्हणजे त्यांनीच टाकली. खोकला असताना टाकली. मी अंगणात बसून पाहत होते. मला फार वाईट वाटते आहे, हे लिहून घ्यायचे नसेल तर घेऊ नका, पण वाटते आहे.

माझ्या मुलाच्या तक्रारीबाबत सांगते की, गल्लीतल्या कोणीतरी उघड्या स्वयंपाकघराचा व्हिडिओ त्याच्या मोबाईलवर पाठवला. तो दुसऱ्या दिवशी गाडी काढून आला. मी दारात उभी आहे हे पाहूनही आधी वर चढला, मग माझ्याशी बोलला. म्हणाला, "माय, त्यासनी दगड सरकाडीसन आपलं घर खाई टाकं." मी म्हणाले, "कोन्ही काही खाधं नही. तू आदी जेवी ले." तो जेवला नाही, इकडे येऊन तक्रार देऊन गेला. दगड सरकवून नईमने माझी जागा बळकावली, खोट्या मोजणीवर परवानगी मिळवली, असे त्याने लिहून दिले आहे. ते मला आज वाचून दाखवले. त्यातली एकच गोष्ट खरी आहे, ती म्हणजे दगड सरकवला होता. पण ज्याने सरकवला त्याने आपल्या वाट्याची जागा वाढवली नाही, आपल्या वाट्याचे काम वाढवले. तेव्हा नईमचा जन्मही झालेला नव्हता.

या तक्रारीमुळे नईमला काल ठाण्यात बसवून ठेवले होते. नगरपालिकेने पोलिसांचे मिटेपर्यंत काम थांबवण्यास सांगितले आहे. त्यामुळे आज रोजी आबेदाचे मागचे दोन खण आणि माझे स्वयंपाकघर उघडे आहे. कापूस सगळा ओटीत आणून कोंबला आहे. पाऊस आला तर नईमच्या हंगामाचा कापूस जाईल, आणि भिंती उघड्यावर भिजल्या तर स्लॅब कशावर टाकणार. मला तक्रार करायची नाही. जागेची मालक मी आहे, ज्ञानेश्वर नाही. त्याची तक्रार पुढे नेऊ नये आणि नईमला पुन्हा बोलावू नये, ही माझी विनंती आहे.

पंडित साहेबांना मी काल भेटले. त्यांना भिंतीने पुन्हा मोजणी करायला सांगितले. माझ्या स्वयंपाकघरावर स्लॅबच टाकायचा आहे, पण आता तो माझ्या नावाने अर्ज करून. साहेब म्हणाले, दोन्ही अर्ज सोबत चालवतो, पोलिसांचा कागद आणा. तो कागद घ्यायलाच मी आले आहे. चहा नको.

माझे जेवणखाण सध्या कुठे आहे असे हवालदार बाईंनी विचारले, म्हणून सांगते. आबेदाच्या ओटीवरचे धाबे शाबूत आहे. तिथे कापसाच्या गाठोड्यांमध्ये तिची शेगडी आहे. माझा गॅस मी तिच्याकडे नेऊन ठेवला आहे. नईमची बायको रूही दोन्ही घरांचे पाणी भरते. ज्ञानेश्वर कालपासून तिथेच जेवतो आहे. पहिल्या घासाला मान खाली होती. आबेदाने त्याला मागितल्याशिवाय तीनदा वरण वाढले.

दगडाबाबत सांगते की, तो पुरावा म्हणून ठाण्यात जमा करून घेतला आहे आणि त्याची पावती मला मिळाली आहे. प्रकरण मिटल्यावर तो मला परत मिळावा. तो कशाला पाहिजे असे विचारल्यावरून सांगते की, स्लॅबलाही दरवर्षी पावसाळ्याआधी साफ करून भेगा भराव्या लागतात, डांबर मारावे लागते. ते काम नईम करील म्हणतो, पण त्याला दुकान आहे. म्हणून काम झाल्यावर मी तो दगड वर ठेवणार आहे. जिथे होता तिथे नाही, आणि भिंतीच्या बरोबर वरही नाही. भिंतीपासून पलीकडे, आबेदाच्या माजघराच्या डोक्यावर ठेवणार आहे. तिथपर्यंतचे माझे, असे मी तिला सांगणार आहे. हद्दीची खूण सरकवणे हा गुन्हा आहे असे हवालदार बाईंनी मला समजावून सांगितले. मला ते समजले आहे. तरी हे लिहून घ्यावे.

दगड जड आहे, मला उचलणार नाही. ज्ञानेश्वर बाहेर बाकावर बसला आहे. त्याला मी आत्ता जाऊन विचारून आले. तो उचलून ठेवायला कबूल आहे.

वरील मजकूर हवालदार बाईंनी मला एकदा मराठीतून वाचून दाखवला आणि एकदा अहिराणीतून सांगितला. मी बोलले तसेच उतरले आहे. फक्त वयाचे पुन्हा सांगते, ६८ बरोबर आहे.

भिकुबाई उखर्डू महाजन (सही)

समक्ष: ज्ञानेश्वर उखर्डू महाजन (सही)