इगतपुरीची शिट्टी

स्काउटमध्ये मुलं काय शिकतात, ते मला नका विचारू. नाशिकच्या शाळेत अकरा वर्षं मी स्काउट मास्तर होतो, तेही सगळ्यांत नवा म्हणून गळ्यात पडलेलं काम.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. शिबिर इगतपुरीला होतं, नेमकं रेल्वेच्या कुंपणाला लागून. पहिल्याच सकाळी मी पोरांना बजावलं, "शिट्टी वाजली की हातातलं टाकून रांगेत उभं राहायचं."

पोरं गुणी. आता घाट चढून आलेल्या गाड्यांची जादा इंजिनं तिथे सोडवतात आणि ती दिवसभर शिट्ट्या मारत असतात. दर शिट्टीला चाळीस पोरं धावत येऊन सावधानमध्ये उभी. दुपारपर्यंत खिचडी दोनदा करपली. शेवटी मी वैतागून म्हणालो, "आता शिट्टी वाजली तरी जागचं हलायचं नाही. कोणाचीही असो."

चार वाजता तपासणीचे साहेब आले. मी शिट्टी फुंकली. कोणी मान वर केली नाही. पुन्हा फुंकली, तरी तेच. उत्तम म्हणून आमचा एक संघनायक होता, तो शांतपणे बटाटे सोलत बसलेला. त्याच्यापाशी गेलो.

"अरे, ऐकू येत नाही का?"

"येतं ना सर. पण तुम्हीच म्हणालात, कोणाचीही असो."

साहेबांनी वही उघडली. "मास्तर, काय शिकवलंत हो यांना?"

खरं सांगतो, भांडायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, "आज्ञापालन, साहेब."