खळीचे सदरे

आदरणीय अध्यक्ष, डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरची सन्माननीय मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सिस्टर, आणि त्यांच्या हाताखालून बरे झालेले, बरे होऊ घातलेले सगळेजण, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी लॉन्ड्रीवाला. कपडे बोलतात, मी बोलत नाही. पण पेशंटच्या नातेवाइकांतर्फे कुणीतरी बोला म्हणाले आणि माझ्या शर्टाकडे बघून मलाच पुढे ढकललं. कागद आणलाय, पण तो खिशातच ठेवतो, तोंडीच सांगतो.

सिस्टरांबद्दल काय बोलावं? माझ्या बायकोच्या रेडिएशनचा पहिला दिवस. आम्ही दोघं मशीनला घाबरलेलो. सिस्टर म्हणाल्या, "मशीनचं आम्ही बघतो, तुम्ही कातडी सांभाळा." कोमट पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही, नुसतं टिपायचं. खाज सुटली तरी नख लावायचं नाही. अंगावर सैल, मऊ सुती कपडा. 'मऊ' त्यांनी दोनदा सांगितलं होतं, मी साक्षीला आहे.

पण लॉन्ड्रीवाल्याच्या बायकोनं चुरगळलेल्या कपड्यांत दवाखान्यात यायचं? लोक काय म्हणतील? मी चार सुती सदरे शिवून घेतले, आणि हाताच्या सवयीनं कडक खळ देऊन इस्त्री मारली. बाकावरच्या बायका विचारायच्या, "कुठं धुता हो?" मी फुशारायचो. खोटं कशाला बोलू?

पंचवीसपैकी सतराव्या सिटिंगला काखेखालची कातडी सोलवटली. "खाजवलंत ना?" सिस्टरांनी विचारलं. ही म्हणाली, "झोपेत खाजवलं असेल." सिस्टर रागावल्या, हिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. डॉक्टरसाहेबांनी पुढची सिटिंग थांबवली आणि बजावलं की फार खंड पडणं बरं नाही.

घरी येऊन मी सदरा धुवायला घेतला. काखेतली शिवण खळीनं ताठ झालेली, तिच्यावर रक्ताचे ठिपके. मला सगळं कळलं, सिस्टर. मी डाग काढला, चारही सदऱ्यांची खळ गरम पाण्यात उतरवली आणि मूग गिळून बसलो. तिलासुद्धा सांगितलं नाही.

आज सहा दिवस झाले. झोपेत नख लागू नये म्हणून ही हातमोजे घालून झोपते. मी शेजारी पडून बघत असतो. जखम भरतेय की नाही, मला समजत नाही, आणि विचारायची छाती होत नाही.

उद्या सकाळी डॉक्टरसाहेब कातडी बघून पुढचं ठरवणार. आठ सिटिंग राहिली आहेत आणि उद्यापासून तुम्ही नाही. नव्या सिस्टर फाइल उघडतील तेव्हा तुमच्या अक्षरात दिसेल, 'पेशंट खाजवते'. जाण्याआधी तेवढी ओळ खोडा. तिनं खाजवलेलं नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. वागण्यात झालं त्याचं तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या बायकोनं ठरवावं. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण आज हातमोजे न घालता झोप.