दहा वाजताचं फडकं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती काका, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या सहकाऱ्यांनो,

काकांनी छत्तीस वर्षं आपल्या प्रयोगशाळेतल्या फळमाश्या सांभाळल्या. पिकल्या केळ्याभोवती घोंगावतात, त्याच. काकू म्हणतात, घरात एक माशी शिरली तर हे वर्तमानपत्र घेऊन मागे धावतात. असो.

या माशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान. त्यातल्या दीडेकशे पेशी घड्याळाचं काम करतात. कधी उठायचं, कधी झोपायचं, हे मिट्ट काळोखातही त्यांतल्या मूठभर पेशी माशीला ठरवून देतात. पीएचडीसाठी मी नेमक्या त्याच बंद पाडल्या आणि माश्या काचेच्या नळ्यांत घालून अंधाऱ्या खोलीतल्या फळ्यांवर ठेवल्या. आता त्यांनी वेळी-अवेळी उठायला हवं होतं. त्या रोज सकाळी दहाला उठत होत्या.

मी हरखले. म्हणजे मेंदूत आणखी एक घड्याळ आहे, आणि ते मला सापडलंय! तीन वर्षं त्यापायी घातली. शोधनिबंध दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता, तेवढ्यात काका आलेख घेऊन टेबलापाशी आले. त्यात मधले चार दिवस माश्या वाटेल तेव्हा उठल्या होत्या. मी ते यंत्राच्या बिघाडावर ढकललं होतं.

"ताई, हे चार दिवस मी तापाने पडून होतो," काका म्हणाले. "एरवी रोज दहाला त्या फळ्यांवर फडकं मारतो. दिवा लावत नाही, चाचपून पुसतो. पण नळ्या हलतात."

अध्यक्ष महोदय, घड्याळ होतंच. ते फक्त माश्यांच्या डोक्यात नव्हतं.

काका गप्प राहिले असते, तर कुणाला कळलं असतं? निबंधाच्या शेवटी आभारात त्यांचं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदाच छापून येणार होतं, काकूंना सांगूनही झालं होतं. आणि मी काय केलं? दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. ते माश्यांचं खाद्य शिजवून टेबलावर आणून ठेवत, मी मान वर करत नसे.

मग खोलीला कुलूप लावून प्रयोग पुन्हा केला. माश्या वेळी-अवेळी उठल्या. पदवी दोन वर्षं उशिरा मिळाली, पण खरी मिळाली. हे काकांना मी कधी सांगितलं नाही. आज हातात माईक आहे म्हणून सांगते.

संयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर ते आपण पोटात घालालच. त्या दोन महिन्यांची माफी मात्र सभागृहाकडे मागून भागणार नाही. काका, ती तुमच्याकडे मागते.