पद्माताईच्या बाळाचं नाक

हॅलो?… हां आई, बोल. सुमाच गे, दुसरं कोण उचलणार या घरात फोन?… नाही, ताई नाही बोलणार. जनेलाच्या गजांशी बसलीय, सकाळी बसवली तशीच. बाहेर खाणीचे ट्रक जातायत ना, तिकडे तोंड करून… बघते कुठली? डोळे उघडे आहेत एवढंच.

हो, हो… अगं ऐक ना! बाळाचं नाक चोंदलंय. पार बंद… कालपासून. छातीला लावलं की दोन घोट घेतं, मग श्वास लागतो, सोडून देतं. रडणं पण कसलं, पोत्यात घातलेल्या मांजराच्या पिल्लागत… सातला प्यायलं. आता साडेअकरा झाले… ताई कुठली घेते? मीच धरते तिच्या छातीला. ती हातच उचलत नाही. बारशाला घेतलं ते शेवटचं. फोटोसाठी.

मिठाचं पाणी घातलं. दोन-दोन थेंब, नर्सबाईनं सांगितलं तसं… उकळलं गे! शाळा सोडली म्हणून पाणी उकळायला पण येत नाही का मला?… मग बोलू नकोस तसं!

थोडं आलं. लाल… रक्त नाही, धूळ. रस्त्याची. जनेलाला ओला पडदा लावते, तो पण संध्याकाळपर्यंत लाल होतो.

आणि तुझ्या विहीणबाईंनी काय केलं ऐक. निखाऱ्यावर ओवा आणि लसणीची सालं टाकून धुरी दिली. दार लावून!… अगं, नाक आधीच बंद, त्यात धूर. डोळे फिरवले पोराने. मी निखारे उचलून अंगणात ओतले… हो, माईंच्या समोरच. 'आमची चार पोरं ह्याच धुरीवर वाढली,' म्हणाल्या. म्हटलं, माई, तेव्हा दारातून ट्रक जात नव्हते… उलट नाही बोलले, नुसती बोलले… रुसल्यात. विहिरीकडे जाऊन बसल्यात.

भावोजी ट्रकावर. उचलत नाहीत… शेजारची गंगाकाकी रिक्षा बघायला गेलीय, डिचोलीला दवाखान्यात न्यायचं म्हणून. तासभर झाला…

काय?… तोंडानं?… नाक तोंडात धरून ओढायचं? शी!… माझं ओढलंस, तू आई होतीस माझी. मला ओकारी येते गे, मी काय करू!

हे बघ, फोन धरते त्याच्या नाकाकडे… ऐकलंस?… हां. तसंच वाजतं.

बरं. बरं, करते. धर जरा…

…नाही जमलं. तोंड लावलं आणि उमासा आला… रडू नकोस आई. पाय प्लॅस्टरात घालून तू तिथं केरीला रडतेस, इथं मयेत त्याचा काय उपयोग? मला तर रडू पण येत नाही. काहीच येत नाही. चार दिवस कानात कापूस घातल्यासारखं झालंय.

परत सांग. हळू. स्पीकरवर टाकलाय… एक नाकपुडी बोटानं दाबायची. हां. दुसरी ओठांत… हळू ओढायचं, जोर नाही… मग थुंकायचं…

थांब.

आई, थांब. ताई उठली.

…इकडे येतेय. तू काही बोलू नकोस… घेतलं. माझ्या मांडीवरून उचललं त्याला… अगं, तोंड लावलं तिनं!… थुंकली. पदरात. लालच… आता दुसरी…

ऐकलंस? तेच रडतंय! एवढ्या मोठ्यानं!… हो, तेच गे, दुसरं पोर कुठलं आणू मी?

…गप झालं. पितंय. सोडत नाही… ताईनं तोंड पण पुसलं नाही. त्याला घेऊन परत जनेलाकडे जाऊन बसली. पण हात त्याच्या मानेखाली आहे… मी नाही ठेवला. तिचा तिनं ठेवला.

डॉक्टरकडे नेणारच, रिक्षा येऊ दे… हो, माईंना पण बोलावते घरात. हो, नीट बोलून… अगं ऐकते ना मी, तूच ओरडतेस…

आई… ताई बघतेय माझ्याकडे. माझ्याकडेच. ओठांवर बोट ठेवलंय.

मला गप म्हणते.

ठेवते.